खबर काही नाही

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये हिसका देऊन थांबली, आणि तेव्हा हमूद म्हणाला, "काल माझी बहीण गेली, अबू रय्या."

खाली, लिफ्टचं दार लागायच्या आधी, मी त्याला विचारलं होतं, काय खबर, काय हालहवाल. आणि तो म्हणाला होता, खबर काही नाही, हालहवाल काही नाही, अल्लाची कृपा. माझ्या हातात पावाची पिशवी होती, त्याच्या हातात इस्त्रीचे कपडे. मस्कतमध्ये रोज सकाळी हजारो माणसं हेच विचारतात आणि हेच सांगतात, आणि पुढे जातात. लिफ्ट अडकली नसती तर तो चौथ्या मजल्यावर उतरला असता, मी सहाव्यावर, आणि मला संध्याकाळी मशिदीत कळलं असतं. पण लिफ्ट अडकली, आणि मधल्या त्या गप्प जागेत, काहीतरी बोलायचं म्हणून, मी पुन्हा विचारलं, "मग, काय खबर?" तर त्यानं सांगितलं. मी त्याचा हात हातात घेतला, म्हणायचं ते म्हटलं. तो म्हणाला, "कपडे न्यायला आलो होतो. पुरुषांचं दुखवट्याचं बसणं सीबच्या मशिदीत आहे. येशील ना?" मी येतो म्हणालो. लिफ्ट सुरू झाली, तो उतरला, दार लागलं, मी सहाव्या मजल्यावर गेलो आणि दारात किल्ली घातली. किल्ली फिरवली नाही. हात थांबला होता. त्यानं खाली सांगितलेलं खोटं नव्हतं. पण ती खबरही नव्हती. मग पाहुण्यानं तरी त्या दिवशी काय सांगितलं होतं?

पाव दाराच्या कडीला अडकवून मी जिन्यानं खाली उतरलो. सहा मजले, त्र्याहत्तराव्या वर्षी. साडेनऊ वाजले होते. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, बांग साडेतीनला. गावापर्यंत पोहोचायला पावणेदोन तास, रस्त्यात ट्रक नसले तर. गाडी तापलेली होती, स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसला, तरी मी हात काढला नाही.

दीड महिन्यापूर्वी पाहुणा आमच्या गावात आला. राजधानीत नाही, लष्कराच्या तळावर नाही, आमच्या गावात, डोंगराखाली, जिथे फलजचं, आमच्या जुन्या पाटाचं, पाणी बोगद्यातून बाहेर येतं आणि पहिल्या तोंडाशी कुणीही, अगदी कुणीही, ओंजळीनं पिऊ शकतं. तिथे तो पाण्याशेजारी बसला. पोरांनी आधी पाहिला. माणसाएवढा उंच, पण उभा राहतो तो माणसासारखा नाही, दुमडून ठेवलेल्या ओल्या कापडासारखा. अंगाचा रंग कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा, आणि ऐकत असला की तो रंग मंद होतो. पोरं भ्याली नाहीत. पोरांनी त्याला सबल्यात आणून बसवलं, गावाच्या बैठकीच्या खोलीत, कारण पाहुणा आला की तिथे बसवतात, एवढं त्यांना माहीत होतं. दोन तासांनी हेलिकॉप्टरं आली. दोन दिवसांनी बारा देशांची समिती आली. त्यांच्याकडे यंत्रं होती, गणिताचे आकडे होते, दिव्यांचे फटकारे होते. पाहुण्यानं त्यातल्या कशाकडेही पाहिलं नाही. तो पोरांच्या तोंडाकडे पाहायचा. मग कुणीतरी माझं नाव काढलं. याच गावचा, पूर्वी मास्तर होता, पुढे परराष्ट्र खात्यात गेला, भांडणाऱ्या लोकांना एका खोलीत बसवण्यात आयुष्य घालवलं, आता निवृत्त आहे, वेळच वेळ आहे.

खरं सांगायचं तर परराष्ट्र खातं हे माझ्या आयुष्यात मध्येच आलं. विसाव्या वर्षी मी मास्तर झालो. शाळा म्हणजे बाभळीचं झाड आणि तीन चटया. तेव्हा देशात लिहितावाचता येणारी माणसं मोजकीच, म्हणून पुढे मला उचलून परदेशी पाठवलं, सूट शिवला, टाय बांधायला शिकवलं. पण टेबलाच्या दोन्ही बाजूंना चिडलेले मंत्री बसले की मला नेहमी ती चटईच दिसायची. एक पोर दुसऱ्याची पाटी ओढतंय, दुसरं रडतंय, आणि दोघांनाही खरं तर घरी जायचंय. चाळीस दिवस मी पाहुण्याला आमची भाषा शिकवली. पाटी मागवली, खडू मागवला. समितीतला एक स्वीडिश प्राध्यापक हसला, म्हणाला, "पाटी?" मी म्हटलं, पाटीवरचं पुसता येतं, पडद्यावरचं पुसलं तरी शिकणाऱ्याला वाटत राहतं की ते कुठेतरी साठवलंय. तो चाळीस दिवसांचा काळ, कसा सांगू, झुवैना, माझी बायको, गेल्यापासूनच्या सहा वर्षांतला सर्वांत सुखाचा. पाहुणा चुकला की त्याच्या अंगावर कडेकडेनं पिवळट लहर उठायची. लाजायचा बिचारा. आवाज रिकाम्या रांजणात बोलल्यासारखा. पहिला धडा मी तोच दिला जो आमची पोरं पहिला शिकतात, माणसात बसायचं कसं: सलाम, मग खजूर, मग कॉफी, कप रिकामा झाला की पुढे करायचा, पुरे झालं की कप हलवायचा, आणि यजमानानं खबर विचारली की म्हणायचं, खबर काही नाही, हालहवाल काही नाही, अल्लाची कृपा. त्यानं ते शंभर वेळा म्हटलं असेल. कप हलवायला त्याला फार आवडायचं. प्यायचा नाही, त्यात आपलं एक टोक बुडवायचा, आणि कप हलवायचा.

मग एक्केचाळिसाव्या दिवशी समिती आली, अध्यक्ष पुढे, मागे सगळे, आणि त्यांनी मला सांगितलं, विचारा. मी विचारलं, काय खबर आणलीत, काय हालहवाल. आणि पाहुणा म्हणाला, खबर काही नाही, हालहवाल काही नाही, अल्लाची कृपा. न अडखळता. एकही चूक नाही. माझा ऊर भरून आला. एखाद्या पोरानं पहिल्यांदा सगळ्यांसमोर उभं राहून धडा म्हणावा तसा. मी वळून समितीला त्याचं भाषांतर सांगितलं, आणि माझ्या तोंडावर हसू होतं, ते आता आठवलं की अंगावर काटा येतो. बारा भाषांत ते लिहून घेतलं गेलं. सांगण्यासारखं काही नाही. मग माझा अहवाल: पाहुणा कुठलाही निरोप घेऊन आलेला नाही. खाली माझी सही. त्यावरून त्यांनी ठरवलं, जो काही मागत नाही, काही देत नाही, काही सांगत नाही, त्याला ठेवून कशासाठी घ्यायचं? लोक घाबरलेत, बाजार बसलेत, विमानांचे मार्ग वळवलेत. त्याला जायला सांगावं. पाहुण्यानं मला मागेच विचारून घेतलं होतं, यजमान म्हणाला तर पाहुणा उठतो का? मी म्हटलं होतं, उठतो. आज असरनंतर ते त्याला सांगणार होते. एकदा गेला की त्याला हाक मारायची कशी, हे पृथ्वीवर कुणालाही माहीत नाही.

फांजाच्या पुढे एका पंपावर थांबलो. पेट्रोल नको होतं, फोन करायचा होता. चहा घेतला, तो उभ्यानंच घेतला आणि अर्धा टाकला. बदरियाला फोन लावला. ती समितीच्या कचेरीत आपल्या देशाकडून आहे, सूर शहराची, तोंडाची फटकळ, मला उस्ताद म्हणते.

"उस्ताद, तुम्ही आज घरी बसायचं होतं. रक्तदाब किती निघाला परवा?"

"दाब राहू दे. त्याला जायला सांगायचा तो कागद थांबव."

"मी थांबवू? उस्ताद, इथे पाण्याच्या बाटल्या कुठे ठेवायच्या हेसुद्धा मी तीन सह्या घेऊन ठरवते."

"त्या दिवशी आपण खबर विचारली, तेव्हा पाहुण्याला कॉफी दिली होती?"

"कॉफी? नव्हती बहुतेक. बाटल्याच होत्या. खुर्च्यासुद्धा नंतर आल्या, सगळे उभेच होते." मग तिचा आवाज खाली आला. "या रब्ब. उस्ताद, तुम्हाला म्हणायचंय, तो आपल्यासारखं बोलला?"

"मी शिकवलंय त्याला."

"आणि आपण कुणी दुसऱ्यांदा विचारलंच नाही."

"नाही."

"मी तिथे होते," ती म्हणाली. "माझी आजी असती तर तिनं मला चपलेनं मारलं असतं." मग म्हणाली, "या लवकर. पण सावकाश चालवा. मी अध्यक्षांना काहीतरी थाप मारते. कसली मारू?"

"खरं सांग."

"खरं त्यांना कळणार नाही, उस्ताद. थापच बरी."

दुसऱ्यांदा विचारलंच नाही. हे वाक्य मला नवीन नव्हतं. हे मला रय्यानं ऐकवलं होतं, माझ्या मुलीनं, दवाखान्याच्या गच्चीवर, जिथे लोक सिगारेट ओढायला जातात. सहा वर्षांपूर्वी मी परदेशात होतो, दोन शेजारी देशांना एका हॉटेलच्या दोन टोकांना बसवून मधल्या गालिच्यावरून फेऱ्या मारत होतो. रोज रात्री झुवैनाला फोन. काय खबर? काही नाही, तुम्ही सावकाश या, इथे सगळं बरं. अकरा दिवसांनी मी घरी आलो, दारात तिला विचारलं, काय खबर, ती म्हणाली, काही नाही. माझी बॅग तिनं घेतली. मला वाटलं, बॅग घेते म्हणजे बरी आहे. जेवलो, झोपलो. सकाळी मंत्रालयात गेलो. तीन आठवड्यांनी कळलं, तपासणीचा कागद स्वयंपाकघरातल्या खणात होता, भांडी पुसायच्या फडक्यांखाली, मी परदेशी जायच्या आधीपासून. जगातल्या सर्वांत मोठ्या भांडणात कोण काय लपवतो हे मला टेबलावर ठेवलेल्या बोटांवरून कळायचं. लोक माझी उदाहरणं द्यायचे. आणि रय्या म्हणाली, बाबा, ती वाट बघत होती. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंच नाहीत. मी तेव्हा तिच्यावर ओरडलो. म्हणालो, हा काय सबला आहे का? नवराबायकोत कसली रीत? पण रीत होती. झुवैना आमच्याच गावची. रीतीतच वाढलेली.

सुमाइलचा घाट संपला, तपकिरी डोंगर दोन्हीकडून जवळ आले. डोळ्यासमोर उगाच आजोबा आले. मी नऊ वर्षांचा होतो. किनाऱ्यावरून एक माणूस उंटावरून आला, सबल्यात बसला. आजोबांनी विचारलं, काय खबर? तो म्हणाला, काही नाही. खजूर आला. तो म्हणाला, काही नाही, बरंच आहे. कॉफी फिरली. मी दाराशी बसून त्याचा हात बघत होतो, तो कप हलवत नव्हता, नुसता बोटांत फिरवत होता, आणि मला कळलं, काय ते नाही, पण कळलं. आजोबांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "झाहरची बोट परत आली नाही." झाहर माझे वडील. आजोबा बसल्या जागी थोडे पुढे झुकले, एवढंच. नंतर कितीतरी दिवसांनी मी त्यांना चिडून विचारलं, त्यानं आल्या आल्या का नाही सांगितलं? खोटं का बोलला? आजोबा खजुराच्या झावळीची दोरी वळत होते. म्हणाले, "उभ्या माणसाला खबर दिली तर तो पडतो, पोरा. आधी बसू द्यायचं. आणि देणाऱ्यालाही बसू द्यायचं. त्याला जास्त लागतं." हे मी पाहुण्याला शिकवलं नाही. हे पाटीवर लिहिता येत नाही. पोरं सबल्यात बसून बसून आपोआप शिकतात, त्याला वर्षं लागतात, आणि माझ्याकडे चाळीस दिवस होते. पण मग मला असं वाटलं की चाळीस दिवस तो सबल्यातच बसला होता. गावातले म्हातारे रोज तिथे येत होते, एकमेकांना विचारत होते, पुन्हा विचारत होते. आणि त्याचा रंग सारखा मंद असायचा. तो ऐकत होता. मग तो एक्केचाळिसाव्या दिवसापासून वाट बघत असेल. या विचारानं मी गाडी इतकी जोरात मारली की मागे टाकलेल्या ट्रकनं भोंगा वाजवला.

गावात पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. तीन नाकी, तीन वेळा ओळखपत्र. बदरिया सबल्याबाहेर उन्हात उभी होती. "अध्यक्षांना सांगितलंय, उस्तादांना शिष्याचा निरोप घ्यायचाय. वितळले. अडीचपर्यंत दिलंय तुम्हाला. पण स्वीडिश प्राध्यापक आत बसणार म्हणतोय."

"बसू दे. पण बसू दे म्हणजे बसू दे. उभं राहायचं नाही. आणि जोडे काढायला सांग."

"कॉफी?"

"तू कर. वेलदोडे घाल. यंत्रातली नको."

"मला पदवी मिळाली तेव्हा आई म्हणाली होती, शेवटी कॉफीच करशील," ती म्हणाली, आणि मशिदीशेजारच्या घरात पातेलं मागायला पळाली.

पाहुणा भिंतीशी होता, नेहमीच्या जागी. मी चटईवर बसलो, गुडघे कुरकुरले. प्राध्यापक मोजे घालून मांडी घालायचा प्रयत्न करत होता, एक पाय सारखा बाहेर येत होता. मी सलाम केला. पाहुण्यानं केला. खजूर मध्ये ठेवला. बदरिया कॉफी घेऊन आली, उजव्या हातात कप, डाव्या हातात दल्ला, म्हणजे कॉफीची चोचदार किटली, कप अर्ध्याहून कमी भरलेला, नीट, आजीनं शिकवल्यासारखा. पाहुण्यानं टोक बुडवलं. मी विचारलं, "काय खबर? काय हालहवाल?"

"खबर काही नाही. हालहवाल काही नाही. अल्लाची कृपा."

प्राध्यापकानं माझ्याकडे पाहिलं, झालं ना समाधान, अशा नजरेनं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. बाहेर फलजचं पाणी वाहत होतं, एवढाच आवाज. मनात आलं, काही नसेलच तर? किंवा असं काही असेल की ते ऐकून बारा देशांचे हात बंदुकांकडे जातील? मग मला असंही वाटलं की झुवैनाला मी दुसऱ्यांदा विचारलं नाही ते विसरलो म्हणून नाही. मला थोडं कळलं होतं. दारात, ती बॅग घेताना, तिची मनगटं बारीक झालेली मी पाहिली होती. मी पाहिली होती आणि झोपायला गेलो होतो.

बदरियानं दुसरा कप ओतला. पाहुण्यानं तो घेतला. हलवला नाही. दोन टोकांत धरून हळूहळू फिरवू लागला.

"पाहुण्या," मी म्हटलं, "काय खबर?"

"बरंच आहे," तो म्हणाला. हे मी त्याला कधी शिकवलं नव्हतं. हे त्यानं म्हाताऱ्यांकडून उचललं होतं.

मी थांबलो. पाच मिनिटं असतील, जास्तही. प्राध्यापकाचा पाय पुन्हा बाहेर आला आणि तसाच राहिला.

"काय खबर?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

पाहुण्यानं कप खाली ठेवला. त्याचा रंग आधी मंद झाला, मग आणखी मंद, भिंतीच्या मातीसारखा. "आम्ही दोघं निघालो होतो," तो म्हणाला. शब्द एकेक करून येत होते, पण बरोबर येत होते. "वाट लांब. दुसरी वाटेत गेली. जी गेली, ती बोलणारी. तुमच्याशी काय बोलायचं, ते तिला माहीत. मी नाव चालवणारा. मला नाव चालवता येते. बोलायचं काय, ते मला माहीत नाही." आणि मग, जरा वेळानं, "मागे सांगायला कुणी नाही. कुणाला तरी सांगायचं होतं."

प्राध्यापकाला आमची भाषा थोडी येते. त्यानं तोंडावर हात धरला, आणि मग हात तसाच ठेवून मान खाली घातली. मला एवढंच आठवतं की मी गुडघ्यांवर पुढे सरकलो आणि जे मी सकाळी लिफ्टमध्ये हमूदला म्हटलं होतं तेच म्हटलं, आणि त्याच्या त्या थंड, ओलसर टोकाला हात लावला. चाळीस दिवसांत पहिल्यांदा. पृथ्वीला कुणीतरी काहीतरी सांगायला निघालं होतं, आणि ते काय होतं हे आता कुणालाही कळणार नाही. त्याची मला हळहळ वाटायला हवी होती. वाटली ती नावाड्याची.

बदरिया दल्ला घेऊन उभी होती. ती खाली बसली. डोळे पुसले, नाक पुसलं, मग एकदम कचेरीतली बाई झाली. "उस्ताद, साडेतीनचं काय? कागदावर काय लिहू?"

"लिही, घरात दुखवटा आहे."

"तीन दिवस?"

"तीन दिवस. बसलेल्याला कुणी ऊठ म्हणत नाही."

"अध्यक्ष विचारतील, असं कुठे लिहिलंय?"

"मी सांगतो त्यांना," प्राध्यापक म्हणाला, इतक्या हळू की मला वाटलं तो स्वतःशीच बोलतोय. "आमच्याकडेही कुणी उठवत नाही." आणि तो मोजे घातलेल्या पायांनीच उन्हात बाहेर गेला, जोडे विसरून, आणि बदरिया ते उचलून त्याच्यामागे.

खोलीत आम्ही दोघंच राहिलो. पाण्याचा आवाज. पाहुण्याचा रंग थोडा उजळला होता. मी कप त्याच्यापुढे सरकवला, त्यानं टोक बुडवलं, पण हलवला नाही, अजून पुरे झालं नव्हतं. मला वाटलं आता उठावं, अध्यक्षांकडे जावं, अहवाल मागे घ्यावा, हमूदच्या बहिणीसाठी संध्याकाळी सीबला पोहोचायचंय. एक पाय उचललाही. तेव्हा त्यानं विचारलं. पाहुण्यानंही यजमानाला विचारायचं असतं, पहिल्या धड्यात होतं ते.

"तुमची काय खबर?"

"खबर काही नाही," मी म्हटलं. "हालहवाल काही नाही. अल्लाची कृपा."

त्याचा रंग मंद होऊ लागला, हळूहळू, कडेपासून आत. मी उठायला टेकवलेला हात तसाच चटईवर होता. चटईची एक काडी तळव्याला टोचत होती.

"काय खबर?" त्यानं पुन्हा विचारलं.

मी परत खाली बसलो.

"आमच्या स्वयंपाकघरात एक खण आहे," मी म्हणालो.